तुतनखामुनचा मामा

दत्तूकाका कर्णिक समोरच्या माणसाशी नातं लावल्याशिवाय त्याच्याशी दुसरं काही बोलूच शकत नाहीत. सिलिंडर घेऊन येणारा माणूस नवा असला की काका त्याला दारातच उभा करतात. गाव कुठलं, आजोळ कुठलं, बहीण कुठे दिली. त्याच्या खांद्यावर सिलिंडर तसाच. शेवटी त्याच्या आत्याचं सासर अंबाडीला निघतं, अंबाडीत काकांचा कोणी चुलत साडू निघतो आणि काका समाधानानं म्हणतात, "म्हणजे आपलेच की." मग सिलिंडर आत येतो.

भिवंडीत हे खपून जातं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी सलीमभाईंचा लूमचा कारखाना आहे. सलीमभाईंची नानी खारबावची आणि काकांच्या आईचं माहेरही खारबाव. एवढ्या भांडवलावर काका त्यांना मावसभाऊ म्हणतात. सलीमभाईंनीही ते कधीच मान्य करून टाकलंय. ईदला शीरखुर्म्याचा डबा येतो तो 'दत्तूदादांचा' म्हणूनच येतो. अधूनमधून एखादं नातं मध्येच तुटतं. तेव्हा काका डोळे मिटतात, एक हात वर करतात आणि म्हणतात, "थांबा, घोळ होतोय." तो घोळ सुटेपर्यंत समोरच्यानं हलायचं नाही.

हे गृहस्थ माझ्याबरोबर इजिप्तला आले. ठरलं होतं माझं आणि माझ्या बँकेतल्या एका मित्राचं. त्याची ऐन वेळी बदली झाली, एक जागा रिकामी राहिली आणि शेजारच्या मालतीकाकूंनी काकांना पुढे केलं. काकूंचे गुडघे दुखतात, त्यामुळे त्यांचा प्रश्नच नव्हता. मला म्हणाल्या, "यांना घेऊन जा रे सतीश. शाळेतून रिटायर झाल्यापासून घरातल्या घरात फिरत असतात. मला जरा स्वयंपाकघर मोकळं मिळू दे."

कैरोत उतरल्यापासून काका बावरलेले होते. आमच्या ग्रुपमधल्या पुण्या-नाशिकच्या मंडळींची नाती विमानातच लावून झाली होती. सहल नेणारी तन्वी नावाची मुलगी त्यांच्या मेव्हण्याच्या शेजाऱ्यांची भाची निघाली. पण स्थानिक गाइड महमूद काही केल्या कुठल्याच नात्यात बसेना. भारतीय प्रवासी फिरवून फिरवून त्याला बऱ्यापैकी हिंदी येत होतं, आणि काकांचं हिंदी भिवंडीचं, म्हणजे संवादाची अडचण नव्हती. अडचण अशी, की त्याचं गाव, त्याच्या आईचं गाव आणि बायकोचं गाव, तिन्ही नाईलच्या काठावरच. काकांचं त्या बाजूला कोणीच नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच ते अशा देशात आले होते जिथे आपलं कोणी नाही.

मग त्यांनी राजांकडे मोर्चा वळवला.

म्युझियममध्ये महमूद तुतनखामुनबद्दल सांगत होता. सोन्याचा मुखवटा, लहान वयात गादी, लहान वयात मरण. सगळे माना डोलावत होते. महमूद सहज बोलून गेला, की त्याची राणी ही त्याची सावत्र बहीण होती. काकांचा हात वर गेला.

"महमूदभाई, एक मिनट. लडकी का बाप कौन?"

अखेनातन, महमूद म्हणाला.

"और लडके का?"

बहुतेक तोच. काकांनी डोळे मिटले. महमूदला वाटलं, म्हाताऱ्याला चक्कर येतेय. तो पाण्याची बाटली पुढे करत मदतीच्या भावनेनं म्हणाला, की तुतनखामुनची आई ही तर अखेनातनची सख्खी बहीण होती, असं संशोधक सांगतात.

"यानी वो मामा हुआ," काका डोळे न उघडता म्हणाले. "मामा की लडकी किया, इसमें कुछ नहीं. हमारे में भी करते हैं. लेकिन मामाच बाप है. और बापच ससुरा है. फिर लडकी मायके किधर जाएगी?"

महमूद पंधरा-वीस वर्षं तरी हे काम करत असेल. हा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता. तो मुखवट्याकडे बघत राहिला.

बसमध्ये त्या दिवशी पिरॅमिडबद्दल कोणी बोललं नाही. नाशिकच्या देशपांडेबाई म्हणाल्या, की आईच्या बाजूनं धरलं तर ती मामेबहीण, तेवढंच धरा. त्यांचे यजमान म्हणाले, बापाचं नातं आधी धरतात. मागच्या सीटवर कोणीतरी म्हणालं, मग लग्नात कन्यादान करून स्वतःच सून आणायची का? राणीचं नाव कोणाला धड म्हणता येईना, म्हणून काका तिला सूनबाई म्हणू लागले. तरी प्रत्येक वेळी थबकायचे, कारण ती लेकही होती. शेवटी तन्वीनं महमूदला विचारलं आणि महमूदनं आणखी भर घातली. तुतनखामुन गेल्यावर गादीवर आलेल्या म्हाताऱ्या मंत्र्याशी तिचं लग्न लागलं असावं आणि तो कदाचित तिचा आजोबाच असावा.

काका मला म्हणाले, "सतीश, हा घोळ साधा नाही."

नंतर आम्ही नाईलच्या बोटीवर होतो. नाश्त्याला काकांनी उकडलेली अंडी मांडून घराणं उभं केलं. मोठं अंडं अखेनातन, शेजारी त्याची बायको नेफर्टिटी, म्हणजे सूनबाईची आई, समोर त्याची बहीण, खाली मीठदाणी म्हणजे तुतनखामुन. मिरीची दाणी सूनबाई. महमूद त्यांच्या शेजारी बसून मन लावून बघत होता. एव्हाना त्यालाही ते वेड लागलं होतं. अखेनातन एकच ठेवला तर रेषा एकमेकींना कापत होत्या, म्हणून काकांनी तीन अखेनातन घेतले: एक बाप, एक मामा, एक सासरा. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरची एक जर्मन बाई आली, हसून काहीतरी विचारलं, काकांनी मान हलवली आणि तिनं नेफर्टिटी उचलून नेली. मुलीची आईच गेल्यावर सगळं कोसळलं. महमूदनं दुःखानं एक सासरा खाल्ला.

लक्झरला राजांच्या दरीत पोचलो तेव्हा ऊन चांगलं तापलं होतं. थडग्याच्या आत गाइडला बोलू देत नाहीत, म्हणून महमूद बाहेर सावलीत सगळं सांगत होता. काकांनी शेवटचा प्रश्न विचारला. वरच्या पिढीचं काही जमत नाही, तर खाली बघावं असं त्यांच्या मनात असणार. तुतनखामुनला मुलंबाळं काय होती?

दोन मुली, महमूद म्हणाला. दोन्ही मेलेल्याच जन्मल्या, पूर्ण दिवसही भरले नव्हते. पण त्यांनाही राजघराण्यासारखं मसाले घालून, कापडात गुंडाळून, सोनेरी बारक्या पेट्यांत ठेवलं होतं. बापाच्याच थडग्यात, आतल्या खोलीत.

"नाम क्या था?" काकांनी विचारलं.

नाव नव्हतं. पेटीवरही लिहिलेलं नाही.

काकांनी हात वर केला नाही, डोळेही मिटले नाहीत. आमच्याबरोबर ते आत गेले. खोली लहानच आहे, भिंती पिवळ्या, एका बाजूला काचेत तुतनखामुन. दहा मिनिटांत सगळे बाहेर आले. काका आले नाहीत. मी परत आत गेलो. ते काचेसमोर उभे होते आणि पहारेकऱ्याला विचारत होते, "बेटियां किधर?" त्याला काही कळत नव्हतं. मी सांगितलं, की त्यांना फार पूर्वीच इथून हलवलंय.

"वेगळं कशाला केलं?" काका म्हणाले.

बाहेर येऊन ते कठड्यावर बसले. टोपी काढली, परत घातली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आमचं मूल असंच गेलं. मुलगी होती. मालती शुद्धीवर नव्हती, तिला दाखवलीच नाही. मोठी माणसं म्हणाली, घेऊन जा लवकर. तिनं नंतर कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही."

काका-काकूंना मूल नाही एवढंच आम्हाला माहीत होतं. मी शेजारी बसून राहिलो. बस निघायला वेळ होता. त्यांनी तन्वीकडून फोन मागून घेतला आणि घरी लावला. मी उठायला लागलो तर त्यांनी माझा हात धरून ठेवला, म्हणून मला त्यांच्या बाजूचं सगळं ऐकू आलं.

औषध घेतलं का, हे आधी विचारून झालं. मग म्हणाले, "मालती, ऐक. इथे एक राजा आहे. त्याच्या दोन मुली आपल्या मुलीसारख्याच गेल्या. त्यानं त्यांना आपल्याजवळ ठेवून घेतलं होतं."

काका फोन कानाला घट्ट लावून समोरच्या डोंगराकडे बघत होते. मग काकूंनी काहीतरी विचारलं.

"हो, नीट झाकलं होतं. तू शिवलेलं दुपटं होतं ना, त्यातच."

मग आणखी एक प्रश्न.

"नाही गं, एकटी कशी? मी बसलो होतो ना तिथे. अंधार पडेपर्यंत बसलो होतो."

आता काकू रडत असाव्यात, कारण काका नुसतेच "हो, हो" म्हणत राहिले. माझा हात त्यांच्या हातात होता आणि तो त्यांनी सोडला नव्हता. मग शेवटचा प्रश्न आला असावा.

"खारबावला. आपल्या मामांच्या शेताच्या बांधावर, चिंचेखाली. शेत आता नाही, तिथे गोडाऊन झालंय. पण चिंच आहे, मी बघून येतो अधूनमधून." मग म्हणाले, "आलो की नेतो तुला. गुडघ्यांची काळजी करू नकोस. रिक्षा आता अगदी झाडापर्यंत जाते."