शेवटचं अक्षर टी

विणकर समाजाच्या सत्कार समारंभात राजकुमारने बारावीच्या इंग्रजीत मार्क कसे पाडायचे यावर भाषण ठोकले. स्वतः त्याच विषयात दोनदा आपटल्याचे मात्र त्याने गिळून टाकले. तो संकेश्वरला मामाकडे राहून शिकला होता. त्यामुळे इथे वडगावात कुणाला याचा पत्ता नव्हता. उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या ऑफिसात इंग्रजीत सही करतो, एवढ्या भांडवलावर त्याचा रुबाब चालला होता.

भाषणातल्या युक्त्या मोबाइलवरून उचललेल्या होत्या. एकेका कार्डावर एकेक अवघड शब्द लिहायचा आणि कार्डं पत्त्यांसारखी पिसून रोज वाचायची. विकत आणायची गरज नाही, घरात पडलेली वापरा, असेही त्याने वर सांगितले.

आता विणकराच्या घरात कार्ड म्हणजे मागावर साडीची नक्षी उठवणारी, भोकं पाडलेली पुठ्ठ्याची पट्टी. पुतणी सौम्याने काकाचा शब्द खाली पडू दिला नाही. मोराच्या काठाची दोनशे कार्डं दोरीतून सोडवली, त्यांच्या क्रमाचे नंबर झाकून जातील असे वरूनच काळ्या मार्करने शब्द लिहिले आणि मनापासून पिसली. त्याच मोराची लग्नाची साडी शुक्रवारी द्यायची होती.

थोरल्या भावाने, आण्णाप्पाने, राजकुमारला बोलावून घेतले. तो रागावला नाही, हेच राजकुमारला जास्त लागले.

शब्द धड्यांच्या क्रमाने लिहिले होते आणि सौम्याला सगळे पाठ होते. राजकुमारने शब्द वाचायचा, तिने नंबर सांगून कार्ड दोरीत ओवायचे, असे ठरले. पहिलेच कार्ड त्याने "फटिग्यू" असे वाचले.

"फटीग, काका. सत्तेचाळीस," सौम्या हळूच म्हणाली.

अशा बारा-तेरा दुरुस्त्या झाल्यावर राजकुमारचे कान तापले. मग "क्वाइट" आला. तसे दिसणारे दोन शब्द होते, एक शांत अर्थाचा आणि एक अगदी अर्थाचा.

"शेवटी टी हाय का ई?"

पुतणीने आपल्याला अक्षरं विचारावीत, याचीच त्याला इतकी लाज वाटली की कार्डाकडे न बघताच तो म्हणाला, "टी."

माग सुरू झाला. पहिला मोर उतरला आणि आण्णाप्पाने बटण बंद केले. मोराला डोळा नव्हता. तो शेपटीत गेला होता.

सौम्याने कार्ड उलटून पाहिले. "काका, शेवटी ई हाय की हो."

राजकुमार खाली बघत म्हणाला, "दादा, मी बारावीला इंग्लिशमध्ये दोनदा गेलतो."

"ठावं हाय. निकाल बघाय संकेश्वराला मी आलतो."

"मग इतकी वर्सं बोलला न्हाईस ते?"

"तू सांगशील म्हणून थांबलतो," आण्णाप्पा म्हणाला आणि कार्डं सोडवायला बसला.

साडी एक दिवस उशिरा गेली. सौम्याला इंग्रजीत एक्याण्णव पडले. पुढच्या सत्काराला राजकुमारलाच बोलायला उभे केले. मन घट्ट करून तो म्हणाला, "मी स्वतः इंग्लिशमध्ये दोनदा नापास झालोय."

सभागृह हसले. पोरांचा धीर वाढावा म्हणून माणूस किती कमीपणा घेतो, असे अध्यक्ष यल्लाप्पा माइकवरच म्हणाले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

पहिल्या रांगेत दोघेच टाळ्या वाजवत नव्हते. त्यांच्याकडे बघायचे धाडस राजकुमारला झाले नाही.