दत्तूभाऊजींचं बोलणारं पाणी

आमचे दत्तूभाऊजी साधं पाणी पीत नाहीत. तांब्या पुढं केला की आधी कानाशी धरतात, जरा थांबतात आणि परत देतात. "वहिनी, ह्याच्यात जीव न्हाय!" मग पिशवीतून गोटी सोड्याची बाटली निघते. अंगठ्यानं गोटी आत ढकलली की फट्ट! फेस वर आला की म्हणतात, "हां. हे पाणी बोलतंय."

भाऊजी म्हणजे माझ्या मालकांचे चुलतभाऊ. कळंबात आमच्या भिंतीला भिंत लावून राहतात. सारा जन्म एसटी चालवली. आता पेन्शन आहे, पण बूड म्हणून टेकत नाही. बाजेवर बसले तरी डावा पाय क्लच दाबत असतो. बसले, उठले, दारात गेले, परत आले, की "काय शिजतंय?" म्हणत थेट माझ्या चुलीपाशी. हातात बाटली आहेच.

भज्यांच्या पिठात पहिल्यांदा सोडा ओतला तेव्हा मी लई भांडले. पण खोटं कशाला बोलू, भजी अशी हलकी झाली की कढईतून ताटात पडायच्या आत संपली. मी आपलं तोंडभरून कौतुक केलं आणि तिथंच चुकले. दुसऱ्या दिवसापासून धिरड्यात सोडा, पिठल्यात सोडा. एकदा मी दारात शेंगा फोडत होते, तेवढ्यात भाऊजींनी भाकरीच्या पिठात अर्धी बाटली रिकामी केली. भाकरी थापायला घेतली तर उन्हाळ्यातल्या रानागत चिरली.

"आता ही तुम्हीच खायची, भाऊजी!"

"खातो की." घास जिभेवर घोळवला, डोळे बारीक केले, मान हलवली. "न्हाय वहिनी. जिभेला चावत न्हाय."

हे खूळ लागलं ते सुंदरा गेल्यापासून. सुंदरा त्यांची बायको, माझी जाऊ. गेल्या उन्हाळ्यात गेली बिचारी. येळवसला, म्हणजे आमच्या वेळ अमावस्येला, सगळी भावकी रानात जेवायला जाते. ज्वारीचं पीठ ताकात आंबवून केलेली आंबील मातीच्या बिंदगीत भरून न्यायची. सुंदराच्या आंबिलीला तोड नव्हती. घोट घेतला की जिभेला मुंगी चावल्यागत व्हायचं.

यंदा तिच्याविना पहिली येळवस. मी म्हटलं, "भाऊजी, आंबील माझ्या घरची नेऊ."

ताडकन उठले. "तिची बिंदगी रिकामी ऱ्हाणार न्हाय. आंबील म्या करणार. आन् तिच्यावानी चावणारी करणार!"

केली. पण आंबायला बिंदगीला एका जागी गप बसू द्यावं लागतं. जिथं माणूसच बसत नाही तिथं बिंदगी कुठनं बसणार? दर तासाला झाकण काढून बघायचं. चुलीजवळून उचलून उन्हात, उन्हातून परत चुलीजवळ. चौथ्या दिवशी, येळवसच्या सकाळी, चव घेतली तर नुसती मिळमिळीत. भाऊजींचं तोंड एवढंसं झालं. मी लसूण आणायला वळले, तेवढ्यात फट्ट, फट्ट! दोन बाटल्या आत. वर जीव उडून जाऊ नये म्हणून बिंदगीच्या तोंडाला कणकेचं झाकण, तेही गच्च लिंपून.

मोटारसायकलवर मागं मी, माझ्या मांडीवर बिंदगी. पुढं भाऊजी, रानाकडच्या रिकाम्या पांदीतसुद्धा हॉर्न वाजवत.

"भाऊजी, हळू! आत काहीतरी गुरगुरतंय!"

"गुरगुरू द्या! जित्ती हाय ती!"

पुढच्याच खड्ड्यात कणकेचं झाकण उडालं ते त्यांच्या मानेवर. मागोमाग आंबील. त्यांची पाठ, माझं नवं लुगडं, सीट, सगळं पांढरं. भावकी रानात पूजेसाठी उभारलेल्या कडब्याच्या कोपीपाशी वाट बघत उभी होती. सगळे पोट धरून हसले. "काय ड्रायव्हरसाहेब, टाकी फुटली का रेडिएटर?"

भाऊजी एरवी दोन शब्द परत करणारे. आज माझ्या मांडीवरची बिंदगी तेवढी उचलली. बिंदगी कोपीत ठेवली आणि तिच्यापुढं मांडी घालून बसले. डावा पाय हलत नव्हता.

बिंदगीच्या तळाला पेलाभर आंबील उरली होती. ती त्यांनी पेल्यात ओतली आणि माझ्यापुढं धरली. "तुमी तिच्या हातची लई पिलीया वहिनी. तुमीच सांगा."

मी घोट घेतला. सोड्याचा वारा पार पांदीतच उडून गेला होता. पेल्यात राहिलं होतं पांचट पीठपाणी. भाऊजी श्वास रोखून माझ्या तोंडाकडं बघत होते.

"चावली का?"

"चावली की," मी म्हटलं. "सुंदराचीच."

त्यांनी मान खाली घातली. मग माझ्याजवळचा तांब्या ओढला आणि कानाशी न धरता साधं पाणी घटाघटा प्यायले.