तिन्ही मतं तुमचीच

ज्या माणसाला "नाही" म्हणता येत नाही, त्यानं निवडणुकीच्या दिवसांत घराचं दार उघडू नये. मी उघडलं. बेल वाजली, दारात शिंपीमामा उभे होते, आणि त्यांच्याकडे माझी पॅन्ट होती. म्हणजे त्या वेळी हातात नव्हती, दुकानात होती. तीन आठवडे होती.

विधानसभेची निवडणूक लागली होती. आमच्या मतदारसंघात तीन मोठे पक्ष. छत्री, शिडी आणि किटली. (त्यांना लांबलचक नावं होती, जाहीरनामे होते, पण आमच्या गल्लीत चिन्हापलीकडे कुणी वाचत नसे.) शिंपीमामा छत्रीचे.

"साहेब, घरात मतं किती?"

"तीन. मी, बायको आणि आई."

"मग काय विचार आहे?"

ज्याची पॅन्ट शिंप्याकडे अडकली आहे त्याला स्वतंत्र विचार नसतो. मी म्हणालो, "विचार कसला, मामा! तिन्ही मतं तुमचीच!"

दुसऱ्या दिवशी पॅन्ट घरपोच आली. वर बटणं पक्की करून. मला वाटलं, लोकशाही म्हणतात ती हीच.

मग औषधवाले शेठ आले. ते शिडीचे. आईच्या गोळ्या कधी संपल्या तर दुकान बंद केल्यावरही शटर अर्धं वर करून देणारा माणूस. त्यांना काय सांगणार? तिन्ही मतं तुमचीच. आणि त्यानंतर आले किटलीचे हेडमास्तर. मी बावन्न वर्षांचा आहे, पाणीपुरवठा ऑफिसात सीनियर क्लार्क आहे, माझ्या सहीशिवाय कुणाला नळजोडणी मिळत नाही. पण हेडमास्तर दारात दिसले की माझे हात अजून आपोआप पाठीमागे जातात. त्यांनी पुरतं विचारायच्या आत मी उत्तर देऊन मोकळा झालो. वर्गात असताना हे कधी जमलं नव्हतं.

बायको शाळेत शिक्षिका आहे. हिशेबाला पक्की.

"अहो, घरात मतं तीन. तुम्ही नऊ वाटलीत."

"अगं, म्हणायला काय जातं? मत गुप्तच असतं."

"आणि त्यातलं माझं कुणाला विचारून वाटलंत?"

यावर मी वर्तमानपत्र उघडलं.

मधे एकदा रिटायर्ड पोस्टमनही येऊन गेला. तो अपक्ष उभा होता, चिन्ह बादली. त्याच्यामागे ना कार्यकर्ते, ना गाडी, ना भोंगा. जुन्याच खाकी पिशवीत स्वतःची पत्रकं घेऊन दारोदार फिरत होता. मी ऑफिसच्या घाईत बुटाच्या नाड्या बांधत होतो, त्याच्याकडे न बघताच काहीतरी बोललो आणि जिना उतरलो. आईनं त्याला पाणी दिलं. दोघं बराच वेळ जुन्या पत्रांविषयी बोलत बसले होते म्हणे. माझे वडील नोकरीसाठी बारा वर्षं परगावी होते, आणि त्यांचं प्रत्येक पत्र यानंच आणून दिलेलं.

आता आईविषयी सांगायला हवं, कारण या सगळ्यात नुकसान तिचं झालं.

आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. सात महिन्यांपूर्वी ती मोरीत घसरली, कमरेच्या हाडाचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून वॉकर. आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो. ते चौदा जिने... जिने कुठले, पायऱ्या. चौदा पायऱ्या. (पण तिला ते चौदा जिनेच होते.) सात महिन्यांत ती एकदाच खाली उतरली होती, तीही दवाखान्यासाठी. पण मत देण्याचं तिनं आयुष्यात कधी चुकवलं नव्हतं. पोटात मी होतो तेव्हाही रांगेत उभी राहिली होती. या वेळी महिनाभर आधीपासून ती रोज संध्याकाळी जिन्यापर्यंत जायची, चार पायऱ्या उतरायची आणि परत चढायची. मी एकदा म्हटलं, "एका मतानं काय होतंय, आई? कशाला एवढी दगदग?"

ती म्हणाली, "बाळ, दिवसभर मला कोण विचारतं? गोळी घेतली का, एवढंच. तिथं यादीत माझं नाव असतं, माणूस ते मोठ्यांदा वाचतो. मी अजून मोजण्यात आहे असं वाटतं."

मी हसलो होतो. ते हसणं मला आता आठवतं आणि कसंतरी होतं.

तर आईची ही अवस्था तिघांनाही माहीत होती. शिंपीमामा म्हणाले, आजींना गाडी पाठवतो. मी म्हणालो, वा! शेठ म्हणाले, गाडी पाठवतो. मी म्हणालो, किती करता हो! हेडमास्तर म्हणाले, "वाहनाची व्यवस्था केली आहे." मी म्हणालो, "होय सर."

बायकोला इलेक्शन ड्यूटी लागली होती. टपालानं मत देऊन ती आदल्या दिवशी दुपारीच लांबच्या केंद्रावर निघाली. निघताना दारात थांबली.

"उद्या तीन गाड्या दारात आल्या की तुमची काय शोभा होईल ती होईल. पण त्या भांडणात आईंचं मत राहून जाईल. गाड्या-बिड्या काही नकोत. आपली रिक्षा करा आणि नवाच्या आत त्यांना घेऊन जा. एवढं एकच काम आहे. जमेल?"

"अगं, म्हणजे काय!"

मतदानाच्या दिवशी आई पहाटेच उठून तयार. ठेवणीतले कपडे, खांद्यावर शाल, मांडीवर मतदार कार्ड. मी म्हटलं, आधी मी जाऊन येतो, रांग किती आहे बघतो, येताना रिक्षा आणतो. (यात काय चूक होती, सांगा!)

केंद्र होतं हेडमास्तरांच्याच शाळेत. शाळेच्या अलीकडे, नियमाप्रमाणे अंतर सोडून, तिन्ही पक्षांची टेबलं एका ओळीत. छत्री, शिडी, किटली. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. माझ्या दारात वेगवेगळी भेटलेली तीन माणसं मी गृहीत धरली होती. ती एकमेकांना खेटून बसतील असं वाटलं नव्हतं.

"साहेब!" शिंपीमामा ओरडले. "आजींना गाडी कधी पाठवू?"

शिडीनं मान वळवली. किटलीनं चष्मा वर केला.

एकाला हो म्हणावं तर दोघांसमोर पितळ उघडं. इकडे आड, तिकडे विहीर, आणि समोर हेडमास्तर. माझ्या तोंडून शब्द बाहेर पडले, "झालं की! आईचं मत झालं. मघाशीच."

"आम्ही तर सहापासून बसलोय," शेठ म्हणाले. "दिसल्या नाहीत त्या."

"मागच्या गेटनं. म्हाताऱ्या माणसांसाठी मागचं गेट उघडं ठेवलंय ना!"

तिघांनी आपापल्या यादीत आईच्या नावापुढे बरोबरची खूण केली. तिघांनी माझ्याकडे बघून हळूच डोळा मारला. (हेडमास्तरांनीसुद्धा. तो धक्का वेगळाच.) मी आत जाऊन मत दिलं. ते कुणाला दिलं हे विचारू नका, मत गुप्त असतं, आणि यंत्रापुढे मी इतका वेळ उभा होतो की अधिकाऱ्यानं "काका, बरं वाटतंय ना?" असं विचारलं.

बाहेर येऊन रिक्षा शोधायला लागलो. स्टँड रिकामा. चौक रिकामा. गावातल्या झाडून सगळ्या रिक्षा मतदार आणायला पक्षांनी लावलेल्या. एक रिक्षावाला भेटला, त्याला आईचं सांगितलं.

"छत्रीच्या यादीतल्या आहेत का आजी?"

"आहेत."

त्यानं कागद पाहिला. "यांचं तर झालंय."

दुसऱ्याकडे शिडीची यादी. झालंय. तिसरा किटलीचा. त्याचंही तेच. गावात तीन पक्ष एकमेकांचं तोंड बघत नाहीत, पण माझ्या आईच्या बाबतीत तिघांचं एकमत होतं.

त्याच वेळी सरळ टेबलांपाशी जाऊन "माफ करा, मी खोटं बोललो" एवढं म्हणालो असतो, तर दहा मिनिटांत गाडी आली असती. पाच शब्द होते. मी ते पुन्हा पुन्हा घोळवले आणि गिळले. घरी जाऊन आईला सांगितलं, "फार गर्दी आहे, दुपारी जाऊ." दुपारी सांगितलं, "ऊन आहे." चार वाजता तिनं काही विचारलंच नाही. नुसतं कार्ड एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. ते मात्र मला बघवेना.

खालच्या मजल्यावर टायपिंग क्लास आहे. तिथली चाकांची गोल फिरणारी खुर्ची मी मागून आणली. आई चौदा पायऱ्या उतरली. एकेका पायरीवर थांबत, कठडा धरून, पंचवीस मिनिटांत. खाली पोचल्यावर तिच्या कपाळावर घाम होता आणि चेहऱ्यावर असा आनंद, की मला वाटलं, निभावलं बुवा.

समोरून गेलो तर तिन्ही टेबलं बघणार. म्हणून मागच्या गल्लीनं निघालो. आता फिरती खुर्ची ही ऑफिसात बसायची वस्तू आहे, रस्त्यावर ढकलायची नाही. मी सरळ ढकलायचो, खुर्ची सरळ जायची, आई मात्र गोल फिरायची. कधी तिचं तोंड गटाराकडे, कधी माझ्याकडे.

"अरे बाळ, मला जरा पुढचं दिसू दे."

"आई, तू खुर्ची धरून बस."

"खुर्ची धरून बसायला मी काय उमेदवार आहे?"

लाँड्रीपाशी एक चाक गटाराच्या जाळीत अडकलं. ते काढण्यात दहा मिनिटं गेली. तरी पावणेसहा वाजले होते, वेळ होता. घामाघूम होऊन मी शाळेच्या मागच्या गेटपाशी पोचलो.

गेटला कुलूप होतं. गंजलेलं, कित्येक वर्षांचं. दाराला वेल चढलेला.

मी हलवून बघितलं. आई म्हणाली, "हे उघडं असतं असं कुणी सांगितलं तुला?"

कुणी सांगितलं होतं? मीच सांगितलं होतं. सकाळी तिघांना थाप मारली आणि दिवसभरात ती मला स्वतःलाच खरी वाटायला लागली. दुसऱ्याला फसवणारे पुष्कळ असतात. आपल्याच थापेला येऊन धडकणारा मीच.

मग वळसा घालून पुढच्या बाजूला पळालो. आता टेबलं बघोत नाहीतर काही होवो. टेबलांवर कुणी नव्हतं. ते केव्हाच आवरून गेले होते. ज्यांना दिवसभर घाबरलो ती माणसंच जागेवर नव्हती. पुढच्या गेटवर पोलीस. सहा वाजून चार मिनिटं.

"सहाच्या आत गेटात आला असतात तर आठ वाजेपर्यंत थांबवून घेतलं असतं, आजी," तो म्हणाला. चांगला होता बिचारा, त्यालाच वाईट वाटत होतं. "आता नाही करता येत."

मी गयावया करायला लागलो. आईनं माझा हात धरला. "राहू दे. त्याला नियम आहे." मग तिनं कार्ड शालीच्या आत ठेवलं. परतीच्या वाटेवर खुर्ची एकदाही फिरली नाही. तिचं तोंड पूर्ण वेळ माझ्याकडे होतं.

बायको दुसऱ्या दिवशी सकाळी आली. आईच्या बोटाकडे तिनं एकदा पाहिलं, शाई नव्हती. माझ्या बोटाकडे पाहिलं, होती. मला वाटलं, आता बोलेल. ती आईजवळ जाऊन बसली.

निकाल लागला. छत्री आली. शिंपीमामा आईला फुलं घेऊन भेटायला आले. "आजी, तुमच्या आशीर्वादानं!" शिडी आणि किटली हरली, पण शेठ आणि मास्तरही येऊन गेले. हरलो तरी तुमचं मत विसरणार नाही, म्हणाले. तिन्ही वेळा आईनं डावा हात शालीखाली लपवला आणि म्हणाली, "दिलं हो, दिलं."

लहानपणी मी दुसऱ्याची पेन्सिल घरी आणली म्हणून जिनं मला भर उन्हात परत द्यायला पाठवलं होतं, ती माझी आई. माझ्यासाठी बोट लपवून बसली होती. मला फार लाज वाटली. अजून वाटते.

शेवटी आला पोस्टमन. एकशे बारा मतं पडली होती त्याला, डिपॉझिट गेलं होतं, पण माणूस खुश.

"साहेब, तुमचे आभार मानायला आलो. एकशे बारांतली तीन तुमच्या घरची. तुम्ही शब्द दिला होतात."

"मी?"

"हो. बुटाच्या नाड्या बांधत होतात. म्हणालात, तिन्ही मतं तुमचीच."

मी आईकडे पाहिलं. आता चौथ्यांदा हात शालीखाली जाईल असं मला वाटलं. पण तिनं बोट वर केलं, कोरं, आणि म्हणाली, "माझं राहिलं रे. एकशे तेरा व्हायची होती."

तो गेल्यावर मी विचारलं, "म्हणजे तू पोस्टमनला देणार होतीस? वडिलांची पत्रं आणायचा म्हणून?"

"पत्रांसाठी नाही रे," आई म्हणाली. "तू चौघांना शब्द दिलास. म्हटलं, चारांतला एक तरी खरा करून यावा. म्हणून निघाले होते."

मी तिचे पाय धरले आणि अगदी मनापासून म्हणालो, "आई, चुकलो. पुढच्या निवडणुकीला काही झालं तरी तुला मी नेणार. शब्द देतो!"

आईनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "सूनबाई, त्या पोस्टमनचा नंबर घेऊन ठेव गं. न्यायला तोच येईल."