मागच्या खोलीतलं पाणी

ताईच्या अंथरुणावर पुन्हा पाणी ठिबकलं, तेव्हा ती जिना चढून वर आली, दारातच उभी राहिली आणि धाकट्या भावाला, म्हणजे मोजणीदारांना, म्हणाली, “एक तर तुझ्या त्या स्ट्रॉबेऱ्या ठेव, नाहीतर बहीण ठेव.”

मोजणीदार काहीच बोलले नाहीत. तिथेच चुकलं. ताईने त्या गप्प राहण्याचा घ्यायचा तो अर्थ घेतला आणि अबोला धरला.

लोकांच्या जमिनी मोजण्यात उभी नोकरी घालवलेला हा माणूस निवृत्तीनंतर मागच्या खोलीत, दिव्यांच्या उजेडात, स्ट्रॉबेरी पिकवत होता. मांडण्यांवर कुंड्या, छताला दिवे आणि खाली कायमची ओली फरशी. फरशी झिरपायची आणि खालच्या मजल्यावर ताई भिजायची. स्ट्रॉबेऱ्यांवर मोजणीदारांचा जीव होता, हे खरं. पण खालून रोज येणारी “चहा टाकलाय रे!” ही हाक बंद झाली आणि त्यांना घर खायला उठलं. शेवटी त्यांनी ठरवलं की फरशीच अशी करायची, की खाली एक थेंब जाता कामा नये.

“गवंड्याला बोलवा,” बायको म्हणाली.

“आयुष्यभर लोकांच्या हद्दी आखल्या मी. माझ्या घरातल्या पाण्याला हद्द आखायला गवंडी कशाला?”

सगळ्या कुंड्या बैठकीत आल्या. जेवणाच्या टेबलावर त्या बसल्या आणि माणसं ताटं मांडीवर घेऊन जेवू लागली. इकडे मोजणीदारांनी फरशी घासली, भेगा बुजवल्या, कोपरे सिमेंटने गोल केले, रबरासारखा लेप फरशीवर आणि भिंतीवर वीतभर चढवला. वाळल्यावर दुसरा हात दिला. उंबरठाही उंच केला. इतक्या मनापासून त्यांनी स्वतःची दाढीसुद्धा कधी केली नव्हती.

आता परीक्षा उरली होती. या कामाची रीतच अशी, की पाणी जायचं भोक बोळ्याने बंद करायचं, घोट्याएवढं पाणी भरायचं आणि ते काही दिवस तसंच ठेवायचं. पातळी उतरली की काम फसलं. मोजणीदारांनी भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारली, पाणी नीट दिसावं म्हणून दिवे चालू ठेवले आणि बजावलं, “कुणी आत पाऊल टाकायचं नाही. माझ्या बहिणीचा प्रश्न आहे.”

दुसऱ्या दिवशी दुपारची झोप काढून ते बघायला गेले, तर रेघ पाण्याखाली गेली होती.

पाणी उतरलं तर काय करायचं, याची त्यांनी मनाशी तयारी केली होती. ते चढलं तर काय, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. त्यांनी नवी रेघ मारली. पुढच्या दुपारी तीही बुडाली. मग त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. खाली आपण गळतो, तसं आपल्यावर कुणीतरी गळत असणार! वरच्या मजल्यावर शिंपी होता. दुसऱ्या दिवशी दुपारी झोपेवर पाणी सोडून मोजणीदार तरातरा वर गेले.

“तुमच्या घरातून पाणी येतंय,” त्यांनी दारातूनच सुनावलं.

शिंप्याने कात्री खाली ठेवली. “तुमच्या त्या खोलीवर माझं कापड असतं, साहेब. या, बघा.”

मोजणीदारांनी वाकून गठ्ठ्यांखाली हात घालून पाहिला. सगळं ठणठणीत कोरडं होतं.

“छत ओलं आहे का तुमचं?” शिंप्याने विचारलं.

मोजणीदारांनी छताकडे पाहिलंच नव्हतं. “नाही, म्हणजे... पाणी वाढतंय एवढं नक्की.”

“मग घालतंय कुणीतरी,” शिंपी म्हणाला आणि पुन्हा कापायला लागला.

अपमान गिळून ते खाली आले. खोलीचं दार लोटलेलं होतं आणि आतून बोलण्याचा आवाज येत होता. त्यांनी दार ढकललं. दिव्यांच्या उजेडात दोन स्टुलांवर बायको आणि ताई बसल्या होत्या, साड्या वर खोचून, पाय पाण्यात सोडून. मध्ये गरम पाण्याची बादली होती.

“अहो, वन्सं काम कसं झालंय ते बघायला आल्या होत्या,” बायको म्हणाली. “पाय बुडवले, तर गुडघ्याला बरं वाटलं. मग रोज थोडं गरम घालतो. तुम्ही झोपलेले असता.”

“परीक्षा होती ती!” मोजणीदारांचा आवाज चिरकला. “ताई, तुझ्यासाठीच चाललंय हे सगळं. खाली थेंब पडला का?”

“नाही पडला,” ताई म्हणाली. किती दिवसांनी ती त्यांच्याशी बोलली होती! मोजणीदारांना भरून आलं.

“म्हणजे काम झालं. आता पाणी काढतो आणि कुंड्या आत आणतो.”

“पाण्याला हात तर लावून बघ! कुंड्या आहेत तिथे बऱ्या आहेत.”

खाली एक थेंब आला म्हणून जिने अबोला धरला, ती आता एक थेंब बाहेर जाऊ द्यायला तयार नव्हती. बायकोने मान डोलावली. बाग गेली, हे मोजणीदारांना कळून चुकलं. बहीण आली, हेही कळलं. त्यांनी लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडला आणि उंबरठा ओलांडला.

“अजून एखादं स्टूल आहे का?”

“नाही,” ताई म्हणाली. “तू उभा राहा. अंथरूण माझं भिजलं होतं.”