कडूबाच्या गाडीपेक्षा चार बोटं मोठी

आधीच सांगून ठेवतो, यातल्या एका अक्षरावरही तुमचा विश्वास बसणार नाही. माझी त्याला हरकत नाही. पस्तीस वर्षं मी बुलढाण्याजवळच्या धाड गावात पोस्टमन होतो. मी हातात ठेवलेली मनिऑर्डरची नोटसुद्धा लोक उन्हात धरून बघायचे, मग गोष्टीचं काय घेऊन बसलात! पण परवा बसस्टँडसमोर प्रेमानंदच्या चहाच्या हॉटेलात ही हकिगत सांगितली, तेव्हा बाकावरची सात माणसं चहा गार करून ऐकत होती. एकाच्या कपात माशी पडली, तीसुद्धा शेवटपर्यंत ऐकून मगच मेली. तिथे सांगितली तशीच इथे उतरवतो.

सगळ्याचं मूळ कडूबा. तो माझा शेजारी. त्याची भिंत ती माझी भिंत. दोघं एकाच वर्षी सायकल शिकलो, एकाच वर्षी आमची लग्नं झाली, दात पडायलाही दोघांचे बरोबरच लागले. सगळं कसं समसमान चाललं होतं. आणि गेल्या दसऱ्याला या माणसाने स्कूटर आणली. लालभडक!

लोक म्हणतात जानराव जळला. मी जळलो नाही. मला फक्त आंबट ढेकर यायला लागले, आणि तेही त्याचा हॉर्न वाजला की. घरात उघडायला कोणी नसलं तरी हा फाटकापाशी तीनदा हॉर्न वाजवायचा, मग उतरून स्वतःच फाटक उघडायचा. दूध डेअरी आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे, शिंक दिली तर तिथवर ऐकू जाते. तिथेही हा गाडीवर जायचा. रोज सकाळी माझ्या दारासमोर गाडीला अंघोळ घालायचा. आधी साबण, मग साधं पाणी, मग मऊ फडकं. माझ्या उभ्या जन्मात मला कोणी एवढं चोळून अंघोळ घातलेली नाही, हळदीच्या दिवशीसुद्धा नाही.

तेवढंही मी गिळलं असतं. पण एका बाजाराच्या दिवशी माझी बायको, आमची पुष्पाबाई, त्याच्या गाडीवर मागे बसून घरी आली. तिचे गुडघे दुखतात, बाजार लांब, हातात दोन पिशव्या. कडूबाने बसवून आणलं. उतरली ती हसत. पदर नीट करत मला म्हणाली, "वारा लागते हो, मस्त."

त्या एका वाक्याने मी तीन दिवस जेवलो नाही. म्हणजे जेवलो, पण चव लागली नाही. चाळीस वर्षं जिने माझ्या सायकलच्या कॅरियरवर बसून हाडं मोजली, तिला वारा लागला तो कडूबाच्या मागे! मी त्याच क्षणी ठरवलं, पुढच्या बाजाराच्या आत आपल्या दारात आपली गाडी. पुष्पाबाई पुन्हा त्या लाल गाडीवर बसता कामा नये.

आता गाडी घ्यायची म्हणजे शास्त्रशुद्ध घ्यावी. मी धाडमधल्या प्रत्येक स्कूटरवाल्याला थांबवून विचारलं, किती देते? एक म्हणाला पन्नास देते. दुसरा म्हणाला, साठ देते. तिसरा म्हणाला, नुसता ताप देते. चौथा म्हणाला, ही सासऱ्याने दिली, तिला विचारायची सोय नाही. शेवटी मी लोकांना विचारणं सोडलं आणि दुपारी कडूबा घोरत पडलेला असताना पुष्पाबाईचा ब्लाउज बेतायचा टेप घेऊन त्याची गाडी मोजली. पुढच्या चाकापासून मागच्या दिव्यापर्यंत. आकडा हातावर लिहून घेतला. बाकी मायलेज वगैरे सगळं ठीक आहे, पण माझी गाडी त्याच्यापेक्षा निदान चार बोटं मोठी हवी, हे पक्कं झालं.

पुष्पाबाईला सांगितलं, बुलढाण्याला गाडी बघून येतो. खिशात पोस्टातल्या आरडीचं पुस्तक होतं. त्यातल्या पैशात शोरूममधली सगळ्यात लहान गाडी येत होती. तेवढीच येत होती, वर एक आरसासुद्धा नाही.

शोरूममध्ये सुचिता नावाच्या मुलीने मला तीच दाखवली. करड्या रंगाची, हलकी, स्वस्त. म्हणाली, काका, तुमच्या बजेटमध्ये हिच्यासारखी दुसरी नाही. मी टेप काढला. शोरूममधले लोक थांबून बघायला लागले. करडी कडूबाच्या गाडीपेक्षा दोन बोटं आखूड भरली! मी टेप तसाच हातात धरून पुढच्या गाडीकडे, तिच्या पुढच्या गाडीकडे असा सरकत गेलो आणि खिडकीपाशी ती पांढरी उभी दिसली. रुंद सीट, समोर एवढा दिवा, अंगाने भरलेली. जणू पाटलाची म्हैस उन्हाला बसली आहे. मोजली. बरोबर चार बोटं मोठी! किंमत मात्र आरडीच्या दुप्पट.

"ट्रायल घेऊ का?" मी विचारलं.

ट्रायल म्हणजे समोरच्या चौकापर्यंत जाऊन परत यायचं, आणि सुचिता बरोबर बसणार, असा तिथला नियम. मी तिला समजावलं की माझा रस्ता धाडचा आहे, गाडी त्या रस्त्यावर बघायला हवी. आणि आमच्या गल्लीत तीन गिऱ्हाइकं गाडीची वाट बघत बसलेली आहेत, ही पांढरी बघितली की लगेच पैसे काढतील. महिनाअखेर होती, तिच्या डोक्यावर विक्रीचा आकडा होता. मुलगी तयार झाली.

मग मी किल्ली फिरवली. काय सांगू! वाटेतल्या बाभळी मान वळवून बघायला लागल्या. एक एसटी पुढे होती, तिला मागे टाकलं, तेव्हा कंडक्टरने खिडकीतून हात जोडले. सुचिता मागे डोळे मिटून बसलेली. मी वळणावर एक हात सोडून मिशी सारखी केली. माझा बेत एवढाच होता की गल्लीतून एकदा जायचं, कडूबाला दिसायचं आणि आल्या पावली परत. पाच मिनिटांचं काम.

पण दारासमोर नेमकी आमची पुष्पाबाई झाडत होती. तिने आधी गाडी पाहिली, मग मला पाहिलं, झाडू तिथेच टाकला आणि आत पळाली. ज्या गुडघ्यांनी तिला बाजारात जाववत नाही, त्याच गुडघ्यांनी पळाली. बाहेर आली ती आरतीचं ताट घेऊनच. आपल्याकडे नवी गाडी दारात आली की पूजेशिवाय तिला कोणी उभीसुद्धा करू देत नाही. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं, 'थांब, ही ट्रायलची आहे.' अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात शेजारच्या फाटकातून कडूबा बाहेर आला आणि ते वाक्य आल्या वाटेने परत पोटात गेलं.

पुष्पाबाईने पांढऱ्या गाडीवर कुंकवाने स्वस्तिक काढलं. झेंडूचा हार घातला. चाकाखाली लिंबू ठेवलं. मला ओवाळलं, सुचितालाही ओवाळलं. नारळ फोडला आणि पाणी चाकावर सोडताना तिचे डोळे भरून आले. गल्ली गोळा झाली. कोणीतरी पेढे आणले, त्याचे पैसे मीच दिले.

"कवा घेतली बे?" कडूबाने विचारलं.

"हेच आताच," मी म्हणालो. आणि देवाशप्पथ सांगतो, त्याचा चेहरा तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखा झाला! गेल्या दसऱ्यापासूनचे माझे सगळे आंबट ढेकर त्या एका घटकेत बंद झाले.

सुचिताला वाटलं, काकांचं ठरलं. नारळ फोडल्यावर कोण कशाला शंका घेईल? तिने हार घातलेल्या गाडीचा आणि आम्हा नवराबायकोचा फोटो काढून शोरूमला पाठवला. मॅनेजरने तो लगेच मोबाईलच्या स्टेटसला लावला, खाली लिहिलं, जानराव काकांचं अभिनंदन. कडूबाची गाडी त्याच शोरूमची, त्याच्याकडे मॅनेजरचा नंबर. त्याने ते गल्लीभर दाखवलं. शोरूममधून गाडी ताबडतोब कागदपत्रांसाठी घेऊन या असा फोन आला, आणि कडूबा म्हणाला, "चाल, मीबी येतो. पैसे भरताना वळखीचा मानूस पायजे."

मी नाही म्हणेपर्यंत त्याने लाल गाडी काढलीही. माझ्या गाडीवर सुचिता होती, त्यामुळे पुष्पाबाई कुठे बसणार? कडूबाच्या मागे! जी गोष्ट घडू नये म्हणून एवढा खटाटोप केला, ती माझ्या डोळ्यांदेखत घडली. बुलढाण्यापर्यंत तिचा पदर वाऱ्यावर उडत होता आणि मी तो आरशात बघत होतो.

शोरूमच्या दारात मॅनेजर उभा. नाव देवानंद, कपाळाला गंध, हातात पुठ्ठ्याची हातभर लांब किल्ली. फोटो झाला. मग त्याने अदबीने विचारलं, रोख की कर्ज?

कडूबा माझ्या उत्तरासाठी कान देऊन उभा होता. मी गाडीत खोट काढायला सुरुवात केली. म्हटलं, हॉर्न बारीक आहे. देवानंद म्हणाला, बदलून देतो. म्हटलं, डिक्कीत कोबी मावत नाही. त्याने कुठूनसं हेल्मेट आणून डिक्कीत बसवून दाखवलं. म्हटलं, पांढरा रंग मळतो. तो म्हणाला, काका, आता रंग बदलता येणार नाही, पूजा झाली आहे. पूजा झालेली गाडी दुसरं कोणी नवी म्हणून घेत नाही, आणि हार घातलेली लक्ष्मी मी दारातून परत घेत नाही.

 तेवढ्यात पुष्पाबाईने माझी बाही धरून मला हेल्मेटच्या रॅकमागे नेलं.

"आरडीत किती आहे ते मले माईत नाही का?" ती हळूच म्हणाली. "हे गाडी आपली नाही ना?"

मी 'नाही' म्हणून मान हलवली.

 ती रॅकमधल्या हेल्मेटांकडे बघत उभी राहिली. तिने ज्याच्यावर कुंकू वाहिलं ते परक्याचं होतं, आणि मी तिला ते वाहू दिलं होतं. खरं सांगतो, त्या वेळी तिने मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी पुटपुटलो, "तू त्याच्या मागं बसते ते मले पायवत नव्हतं." तिने एकदा माझ्याकडे नीट बघितलं. मग पदर खोचून बाहेर आली आणि थेट पांढऱ्या गाडीवर जाऊन बसली. पाय लोंबकळायला लागले.

"मॅनेजर सायेब," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "यायनं गाडी चांगली निवडली. पन माहे पाय टेकत नाही. मले दुसरी दाखवा."

"वहिनी, चालवनार तं जानराव ना?" कडूबाने विचारलं.

"नाही. मी चालवनार."

शोरूममधला पंखासुद्धा थबकला. पुष्पाबाई एकेका गाडीवर बसून बघत गेली. कुठे टाचा वर, कुठे एकच पाय खाली. शेवटी त्या करड्या गाडीवर बसली आणि दोन्ही तळवे फरशीवर सपाट टेकले. एका हाताने गाडी डावीकडे कलती केली, उजवीकडे कलती केली, सरळ केली. म्हणाली, हेच द्या.

देवानंद पूजेवरून पुन्हा बोलायला लागला. तिने पांढरीसमोर हात जोडले, हार उतरवला, पदराच्या टोकाने कुंकू पुसलं, पदराला लागलेलं तेच कुंकू बोटावर घेऊन करड्या गाडीवर नवं स्वस्तिक काढलं.

"पूजा मी केली, मीच हलवली," ती म्हणाली. "देव काय गाडीची किंमत पाहून बसते काय?"

देवानंदने पावतीपुस्तक काढलं. आरडीच्या पैशात गाडी बरोबर बसली. कडूबाचं तोंड तर असं उतरलं की ते उचलायला दोन माणसं लागली असती!

मग मी करडी बाहेर काढली. पुष्पाबाईला मागे बसवलं. परतीच्या वाटेवर गाडी अशी चालवली की रस्ताच गाडीखालून पळत होता. कडूबा मागे राहिला. त्याची दया येऊन मी दोनदा थांबलो. धाडच्या चौकात शिरलो तेव्हा पाणीपुरीवाल्याने पुरी तशीच हातात धरून ठेवली, बँकेतले लोक बाहेर आले. मी एका हाताने हँडल धरून दुसऱ्या हाताने सगळ्यांचे नमस्कार घेत होतो, आणि मागून पुष्पाबाई म्हणाली, अवो, जरा हळू, वारा लागते...

प्रेमानंदच्या हॉटेलात मी इथवर आलो, आणि सातही माणसं माझ्या खांद्यावरून मागे बघायला लागली. मी वळलो. पुष्पाबाई उभी होती. डोक्यावर हेल्मेट, करडी गाडी रस्त्याच्या कडेला लावलेली, पायाशी दळणाचा डबा. कधीपासून ऐकत होती कोण जाणे.

"गाडी टेम्पोत आली," ती सगळ्यांना म्हणाली. "हे टेम्पोत गाडीवर बसून आले, हेल्मेट घालून. यायले चालवता येत नाही, म्हनून मी शिकली. त्या दिशी सकाळीबी ते सुचिताच चालवत व्हती, हे तिची पर्स धरून मागं बसले व्हते. अन् कडूबा भावजी जळले नाही, त्यायचं हसू थांबत नव्हतं." मग तिने डबा माझ्या हातात दिला. "चला, बसा मागं."