राघोमामाची फांदी

आमचा राघोमामा निरगुडीची फांदी काखेत मारल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. रस्त्यात खड्डा दिसला की थांबतो, फांदी रोवतो आणि विचारतो, "याला जबाबदार कोण?" कल्याणच्या जीपमध्ये ड्रायव्हर त्याला पुढं बसवतच नाही. दर खड्ड्याला गाडी थांबवायची म्हटल्यावर मुरबाड सुटायचं कधी? खड्ड्यापाशी धोक्याची खूण म्हणून फांदी रोवायची रीत तशी आमच्याकडची जुनीच. मामानं तिचं व्रत केलं ते भागीमामीपायी.

एका सरकारी खात्यानं आमच्या वाटेवर नळासाठी चर खणला आणि तसाच उघडा टाकला. तिन्हीसांजेला मोळी घेऊन येताना मामी त्यात पडली. पाय मोडला तो नीट बसलाच नाही, आजही लंगडते. मामानं सरळ सरकारवर दावा ठोकला. मी म्हटलं, शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये. तो म्हणाला, "मी कुटं शहाणा?"

कल्याणच्या कोर्टात सरकारी वकिलानं चराचा फोटो पुढं केला. फोटोत फांदी उभी! धोक्याची खूण होती, बाईच न बघता चालली, असं त्यांचं म्हणणं. मामाची फांदी मामाच्याच मुळावर आली होती.

मामा मात्र शांतपणे उठला. "ती फांदी माजी, सायेब. बायकोला वर काढली नि मग रोवली, आणखी कोण पडू नये म्हणून. सरकारनं काय रोवलं ते इचारा."

मामीला उचलायला धावलेल्यांनी तेच सांगितलं. खात्याच्या साहेबांना विचारलं, तर काहीच रोवलं नव्हतं, हे त्यांना कबूल करावं लागलं.

निकाल लागला. चर उघडा टाकला हा सरकारचाच निष्काळजीपणा, भरपाई सरकारनं द्यायची, बाईचा काही दोष नाही. जिरली की नाही! गावानं मामाला फाट्यापासून ढोल वाजवत आणलं. मी तर गुडघेदुखी विसरून नाचलो.

घरी मामा भरपाईबद्दल अवाक्षर बोलला नाही. मामीपुढं उकिडवा बसला. "कोर्ट बोललं, तुजी काय चूक नाय." मग मान खाली घातली. "तू चरात पडलीस, तवा मीच पयला बोललो होतो, डोळं कुटं होतं तुजं."

दारातला ढोल थांबला. मामीनं त्याच्या काखेतली फांदी हळूच काढून घेतली, पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, "येवढं बोलायला कल्याणला कशाला गेलात?"