सीट कुणाच्या मापाची?

आमच्या गावात कुणाच्याही दारात सायकल दिसली की बाबूराव तात्या खिशातून पाना काढतात आणि तिची सीट खाली करतात. मालकाला विचारायची पद्धत नाही. शाळेतून मुलींना सायकली मिळाल्यापासून त्यांना हा नाद लागलाय. सीट उंच म्हणजे पोरगी पायी गेली, सायकल बापानं नाहीतर भावानं लाटली, असा त्यांचा हिशोब.

"सीट खोटं बोलत न्हाय," असं म्हणतात आणि पुढच्या दाराला निघतात. वालचंदनगरच्या कारखान्यात फिटर होते. नोकरी संपली, हात काही थांबले नाहीत.

आता माझे प्रताप. माझ्या अश्विनीला आठवीत सायकल मिळाली आणि पंधरा दिवसांत मी तिच्यावरून डेअरीला दूध घालू लागलो. दारात मोटरसायकल होती. पण डॉक्टरांनी पोट कमी करायला सांगितलं होतं. डेअरीवर गप्पा छाटून मी परत येईपर्यंत शाळा भरलेली असायची. अश्विनी सायकलची वाट बघून चालत जायची, पहिला तास बुडायचा. "मी शाळेत जातच न्हाय आता," असं ती दोनदा म्हणाली. मी लोकांना सांगायचो, पोरीला चालायची हौस आहे.

तात्यांनी सीट खाली केली. मी वर केली. चार दिवस हेच.

"तात्या, सायकल माझ्या घरची हाय."

"घरची हाय. तुमची न्हाय."

पाचव्या दिवशी घाईत न बघताच मी टांग टाकली. गुडघे हँडलला अडकले आणि मी किटलीसकट रस्त्याकडेच्या चारीच्या पाण्यात. तात्या धावत आले. आधी सायकल बाहेर काढली, चाक फिरवून बघितलं, मग माझ्याकडं वळले.

"वाचली," म्हणाले. सायकलबद्दल.

दुसऱ्या दिवशी अश्विनी सायकलवरून शाळेला निघाली. तात्या आमच्या दारात उभे होते. काहीतरी बोलायचं म्हणून मी त्यांच्या लेकीचं विचारलं, "तुमची सुमन कितवी शिकली, तात्या?"

"सातवी. फुडची शाळा लांब. घरात सायकल एक, आन् माझी ड्यूटी सकाळची." हातातला पाना ते उगाच फिरवत राहिले. "हिला किती येळ लागतो?"

"वीस मिनिटं."

"वीसच?"

मी मान हलवली. तात्या रस्त्याकडं बघत उभे राहिले. अश्विनी वळणाआड जाऊन बराच वेळ झाला होता. मी चहा आणला, तो निवून गेला.

"पोचली असंल आता," ते म्हणाले, आणि निघाले.